टेमाला येतेयस ना? मग पहिल्याच महिन्यात आगोमान्याचा बाजार गाठ

तू लिहिलंयस की नवऱ्याला घानात, टेमाच्या एका कारखान्यात तीन वर्षांचं काम मिळालंय, लेक चार वर्षांची आहे, आणि कंपनीची गाडी आठवड्यातून एकदाच मिळणार. "मग बाकीचे दिवस मी घरातच बसून राहायचं का?" असं तू विचारलंस. वयानं तू धाकटी असणार, म्हणून अगं-तुगं करते. मी कराडची, टेमात राहून नऊ वर्षं झाली. पहिले आठ महिने मी हा देश गाडीच्या बंद काचेतून बघितला आणि ते आठ महिने वाया गेल्याची रुखरुख मला अजून आहे. म्हणून सांगते, घरात बसायचं नाही. घरात सामान लावून झालं की एका बुधवारी ट्रोट्रोत बसायचं आणि आगोमान्याच्या बाजाराला जाऊन यायचं.

ट्रोट्रो म्हणजे आपलं वडाप, फक्त जीपच्या जागी जुनी मिनीबस. तीन पेन्यांच्या नाण्याला गा भाषेत 'ट्रो' म्हणायचे, एके काळी भाडं तेवढंच होतं, त्यावरून हे नाव पडलं. वेळापत्रक नसतं. गाडी भरली की सुटते, आणि भरली म्हणजे मधल्या वाटेतल्या घडीच्या सीटासुद्धा भरल्या पाहिजेत. ड्रायव्हरच्या जोडीला एक पोरगा असतो, त्याला 'मेट' म्हणतात. गावाचं नाव ओरडणं, पैसे गोळा करणं, दार ओढणं, सगळं तोच करतो. उतरायचं असलं की "मेट, बस स्टॉप!" असं खणखणीत सांगायचं. पुटपुटलीस तर गाडी पुढे निघून जाईल. आणखी एक, इथे १९७४ पासून वाहनं रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालतात. रस्ता ओलांडताना आपली मान सवयीनं आधी उजवीकडे वळते, तिला डावीकडे वळायची सवय लाव. मुलीचा हात धरलेला असताना तर फारच.

टेमाहून आधी आशायमानच्या स्टेशनवर जायचं. स्टेशन म्हणजे रेल्वेचं नव्हे, ट्रोट्रोंचा तळ. तिथे क्पोंगकडे, म्हणजे आगोमान्याजवळच्या गावाकडे, जाणाऱ्या गाड्या लागतात. सकाळी सातच्या आत पोहोच, कारण बाजाराला जाणाऱ्या बायका तेव्हाच निघतात आणि गाडी चटकन भरते. दुसऱ्या ओळीतली खिडकी धर. ड्रायव्हरशेजारची जागा ऐसपैस वाटते, पण खाली इंजिन असतं आणि पाय भाजून निघतात. गाडी भरेपर्यंत खिडकीशी डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बायका येत राहतील: केळ्याचे वेफर, उकडलेली अंडी, प्लॅस्टिकच्या पिशवीतलं गार पाणी. त्या पिशवीला सगळे 'प्युअर वॉटर' म्हणतात. कोपरा दातानं तोडून पितात. मुलीसाठी मात्र घरची बाटली ने.

गाडी सुटल्यावर कधी कधी एखादा माणूस उभा राहून प्रार्थना सांगतो, कधी औषधं विकतो. घाबरू नकोस, लोक ऐकतात आणि 'आमेन' म्हणतात. भाडं चालत्या गाडीत गोळा होतं, मागच्या ओळींचे पैसे हातोहात पुढे येतात. इथे एक गोष्ट मनावर कोरून ठेव: पैसे द्यायचे, घ्यायचे, काही दाखवायचं, सगळं उजव्या हातानं. आपल्याकडे प्रसादापुरता पाळतो तो नियम इथे दिवसभराचा आहे. माझ्या कडेवर पोर होतं म्हणून मी एकदा डाव्या हातानं नोट पुढे केली, तर शेजारच्या आजीनं माझं मनगट धरून खाली केलं. रागानं नाही, आपली आजी करेल तसंच. तेव्हापासून चूक झालीच तर "सॉरी फॉर माय लेफ्ट" म्हणते. इथले लोकही हेच म्हणतात.

साठेक किलोमीटरचा रस्ता. शाय टेकड्या लागल्या की मुलीला खिडकीशी बसव, रस्त्याच्या कडेला बबून माकडं बसलेली असतात. पुढे सपाट माळावर एकटाच उभा असलेला क्रोबो डोंगर दिसतो. क्रोबो लोक पिढ्यानपिढ्या त्या डोंगरावर राहायचे. १८९२ मध्ये इंग्रजांनी त्यांना जबरदस्तीनं खाली उतरवलं. आज ज्या बाजाराला तू चाललीयस तो त्यांचा. क्पोंगला उतरलीस की शेअर टॅक्सीनं आगोमान्या अगदी जवळ आहे.

बाजार बुधवारी आणि शनिवारी भरतो. शनिवारी गर्दी जास्त, म्हणून पहिल्यांदा बुधवार. आधी मण्यांच्या ओळीत जा. क्रोबो मणी काचेचे असतात, पण फुंकून केलेले नव्हेत. जुन्या बाटल्या कांडून त्यांची पूड करतात, ती मातीच्या साच्यातल्या खळग्यांमध्ये भरतात आणि प्रत्येक खळग्याच्या मधोमध कसाव्याच्या, म्हणजे ज्याच्या कंदापासून आपला साबुदाणा होतो त्या झाडाच्या, पानाचा देठ उभा करतात. भट्टीत काच वितळते, देठ जळून जातो आणि मण्याला भोक पडतं. मग गरम असतानाच सळईनं फिरवून मणी गोल करायचा, आणि शेवटी वाळू-पाण्यात घासायचा. हातात घेऊन बघ, एकाही मण्याचं भोक दुसऱ्यासारखं नसतं. मुली वयात आल्या की इथे 'डिपो' नावाचा सोहळा होतो आणि तेव्हा त्यांच्या कमरेला, गळ्याला घरातले पिढीजात मणी घालतात. तान्ह्या बाळालाही कमरेला मण्यांचा सर बांधतात, तो घट्ट व्हायला लागला की बाळ अंग धरतंय असं समजायचं. मला आपला करदोटा आणि काळ्या मण्यांच्या मनगट्या आठवल्या. मी एका विकणारीला माझं मंगळसूत्र दाखवलं, तर तिनं काळे मणी एकेक करून अंगठ्यानं चाचपले आणि विचारलं, "हे कोणी ओवलं?" सोनारानं, असं मला सांगावं लागलं. तिला ते पटलं नाही. घरातल्या बाईनं ओवायला हवेत, म्हणाली.

भावाचं सांगते. आधी नमस्कार, "गुड मॉर्निंग", तब्येत कशी आहे, मग किंमत. थेट "कितीला?" विचारलंस तर ते उद्धटपणाचं वाटतं. २००७ मध्ये इथल्या चलनातली चार शून्यं गेली, १०,००० जुन्या सेडीचा १ नवा सेडी झाला. पण वयस्क बायका अजून जुन्या हिशेबात बोलतात. "दोन लाख" ऐकून मी पहिल्यांदा माळ खाली ठेवली होती, ती २० सेडीची होती. भाव कमी करायला "ते सो" म्हण, हसून. एका मर्यादेनंतर ताणू नकोस, घेऊन झाल्यावर 'डॅश' माग, म्हणजे वरचं थोडं. आपण भाजीवालीकडे कोथिंबीर मागतो तसंच. सुट्ट्या नोटा भरपूर ने. फोनवरून पैसे पाठवायचं मोबाइल मनी सगळीकडे चालतं, पण त्यासाठी सिम लागतं आणि सिमला परदेशी रहिवाशाचं घाना कार्ड, म्हणून ते आल्या आल्या करून घे.

मग धान्य-भाजीकडे. गारी, शेंगदाणे, चवळी 'ओलोंका' नावाच्या डब्यानं मोजून देतात. आपलं मापटं डोळ्यासमोर आण. शीग लावून भरतात, आणि ती शीग बघत उभं राहण्यात वेगळंच सुख आहे. गारी म्हणजे किसून, आंबवून भाजलेला कसावा. भेंडी मिळते, पांढरी-पिवळी छोटी वांगी मिळतात आणि 'कोंतोमिरे' मिळते. ती पानं बघून मी जागच्या जागी थांबले होते. हुबेहूब अळू! खाजतात म्हणून चिंच घालून नीट शिजव.

तू शाकाहारी असशील तर खाताना जप. वाचे, म्हणजे चवळी घालून केलेला तांबूस भात, बघायला निर्धोक, पण त्याच्यासोबतच्या काळ्या शितो चटणीत सुकी मासळी असते. सुकट-बोंबील चालत असतील तर मात्र मजा आहे. तळलेली केळी आणि भाजलेले दाणे घे, पोट भरतं.

लस विसरू नकोस: यलो फीव्हरची, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, आणि ते पिवळं कार्ड जपून ठेव. परत भारतात उतरताना तेच मागतात. डासांचं औषध रोज लावायचं, इथला मलेरिया अंगावर काढायचा नसतो.

परतीला तीनच्या आत निघ. अंधार पडल्यावर त्या रस्त्यानं ट्रोट्रोत बसू नकोस, गाड्या जुन्या आणि ड्रायव्हर घाईत असतात. घरी आलीस की आधी कोंतोमिरे धुऊन घे, देठ सोल, चणाडाळ आणि दाणे भिजत घाल. आणि फतफतं जास्त कर, शेजारच्या घानाच्या बाईला एक वाटी नेऊन दे. उजव्या हातानं.