काठपदर दाखवायचा कसा?

प्रश्न : मी नाशिकला बँकेत नोकरी करते. आजीच्या आणि आईच्या हातमागाच्या साड्या नेसून गेले सात महिने रील टाकते आहे. गाणे लावून गिरकी घेते, पण पाहणारे दोन-तीन सेकंदांतच पुढे सरकतात. चांगला कॅमेरा घ्यावा का? शिवाय एका दुकानाने कौतुक करण्याच्या अटीवर साडी फुकट देऊ केली आहे. ती स्वीकारावी का?
– एक वाचक

उत्तर : कॅमेऱ्याचा खर्च तूर्त टाळा. तुम्ही पत्रासोबत पाठवलेले तिन्ही व्हिडिओ मी पाहिले. त्यांत दागिने आहेत, गजरा आहे, गिरकीही छान जमली आहे. परंतु ती पैठणी आजीची आहे, हे तुमच्या पत्रावरून कळले, व्हिडिओवरून नाही.

पुढच्या वेळी नेसण्याआधी त्या पैठणीचा पदर उलटा करून दाखवा. हातमागावर पदरातला प्रत्येक रंग वेगवेगळ्या छोट्या कांड्यांनी, लगतच्या धाग्यात अडकवत विणला जातो, त्यामुळे मोर किंवा मुनिया मागच्या बाजूनेही जवळजवळ तितक्याच स्वच्छ दिसतात. यंत्रमागाच्या नकलेत मात्र पाठीमागे सुटे किंवा कापलेले धागे आढळतात. येवल्याला जाऊन पैठणी घेणाऱ्या कित्येकांनाही ही खूण ठाऊक नसते, म्हणून ती बोटाने दाखवणारा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ लोक थांबून पाहतील, असे मला वाटते. रेशीम एकाच घडीवर वर्षानुवर्षे राहिले की तिथे चिरते. आजीच्या साडीला अशी चीर असेल तर तीही लपवू नका. घडी दर काही महिन्यांनी का बदलायची, हे त्या चिरेवर बोट ठेवून सांगता येते.

उजेडाविषयी थोडे. धूपछाँव साडीत ताणा (उभे धागे) एका रंगाचा आणि बाणा (आडवे धागे) दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे स्थिर छायाचित्रात ती एकरंगी वाटते आणि कापड हलले की दुसरा रंग उमटतो. तेव्हा अशा साडीसाठी गिरकीची गरजच नाही. खिडकीशी उभे राहून पदर सावकाश हातावरून सोडला तरी पुरे. सकाळी खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, त्या वेळी ट्यूबलाइट बंद ठेवा (दोन्ही उजेड मिसळले की अंजिरी रंग हमखास बिघडतो), आणि जरीचे धागे पांढरे फटक दिसू लागले तर फोनच्या पडद्यावर बोट टेकवून उजेड किंचित कमी करा. गाण्याऐवजी तुमचा आवाज असू द्या.

आता दुकानाचे. साडी घेण्यास हरकत नाही, कौतुकाच्या अटीला आहे. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी 2023 मध्ये दिलेल्या सूचनांनुसार फुकट मिळालेली वस्तूही उघड करावी लागते. ‘जाहिरात’ किंवा ‘प्रायोजित’ हा शब्द खालच्या मजकुरात दडवून चालत नाही, तो व्हिडिओत दिसला आणि ऐकूही आला पाहिजे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली 10 लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. त्या दुकानाला लेखी कळवा की साडी फुकट मिळाल्याचे तुम्ही सुरुवातीलाच सांगणार आणि पदर उलटून जे दिसेल तेच बोलणार. त्यानंतरही त्यांनी साडी पाठवली, तर खुशाल नेसा.