भरायचं बूच आधी, रिकामं करायचं नंतर

घरच्या घरी गाडी दुरुस्त करताना अडलेल्या वाचकांची पत्रं या वेळी निवडली आहेत. काम काय करायचं हे सगळ्यांना ठाऊक होतं. घोळ झाला तो एखाद्या बोल्टपाशी, वायसरपाशी किंवा आत अडकलेल्या हवेमुळे.

प्रश्न : पेट्रोल हॅचबॅकचं इंजिन ऑइल स्वतः बदललं. ड्रेन बोल्ट आवळताना अचानक सैल पडला. आता तो नुसताच फिरतो आणि रात्रभरात चार-पाच थेंब ऑइल गळतं. टेफ्लॉन टेप किंवा एम-सील लावून पुढच्या सर्व्हिसपर्यंत चालवता येईल का? (वाचक, सांगली)

नाही. आटे गेलेला बोल्ट टेपने धरत नाही, आणि गरम ऑइल लागलेल्या जागी एम-सीलही टिकत नाही. आज थेंब गळतायत, उद्या रस्त्यात बोल्टच गळून पडला तर सगळं ऑइल रस्त्यावर जाईल. ऑइलचा लाल दिवा लागल्यावर तुम्ही गाडी बाजूला घेईपर्यंत बेअरिंगं घासलेली असतील. तेव्हा गाडी आहे तिथेच उभी ठेवा.

ऑइल स्वच्छ भांड्यात काढा आणि बोल्ट नीट बघा. त्याच्या आट्यांत चकचकीत पांढऱ्या धातूच्या तारा गुंडाळलेल्या असतील तर चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) अॅल्युमिनियमचा आहे आणि आटे चेंबरचे गेलेत. पत्र्याच्या चेंबरला आतून पोलादी नट वेल्ड केलेला असतो. त्याचे आटे नुसते दबले असतील तर त्याच मापाचा टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ करता येतात. बऱ्याच लहान गाड्यांत हा बोल्ट १४ मिमी जाडीचा, १.५ मिमी पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) असतो, पण अंदाजावर जाऊ नका. पिच गेज लावून मोजा, किंवा बोल्टच घेऊन दुकानात जा.

अॅल्युमिनियमला खरा इलाज हेलिकॉइलसारखा इन्सर्ट, म्हणजे भोकात बसवायचे नवे पोलादी आटे. भोक मोठं करायचं, त्यात इन्सर्टच्या मापाचे आटे पाडायचे आणि इन्सर्ट बसवायचा. बोल्ट जुन्याच मापाचा राहतो. गाडीखाली झोपून हे करणार असाल तर ड्रिलला आणि टॅपच्या खाचांना भरपूर ग्रीस लावा, म्हणजे कीस त्याला चिकटून बाहेर येतो. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे असा फिरवा. शेवटी बोल्ट न लावता वरून अर्धा लिटर स्वस्त ऑइल ओतून आतला उरलेला कीस धुऊन काढा. टॅप सरळ धरण्याची खात्री नसेल तर चेंबर उतरवून लेथवाल्याकडे न्यावा. मात्र चेंबर परत बसवताना दोन्ही कडांवरचा जुना सिलिकॉन पूर्ण खरवडावा लागतो आणि नवा सिलिकॉन ट्यूबवर लिहिलेल्या वेळेपर्यंत सुकू द्यावा लागतो. घाईने ऑइल भरलं की पुन्हा गळती.

दुकानात स्वतःच आटे पाडत जाणारा ओव्हरसाइज बोल्टही मिळतो. आमचं मत त्याच्या विरुद्ध आहे. तो तिरका घुसला की चेंबरलाच चीर जाते, म्हणजे दुरुस्ती इन्सर्टवरून नव्या चेंबरवर जाते.

हे झालं कशामुळे? बहुधा वायसर. जुना चपटा झालेला वायसर तसाच ठेवला की थोडं पाझरतं, म्हणून माणूस आणखी आवळतो. त्यात आट्यांना ऑइल लागलेलं असलं की तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. हजारो किलोमीटर पळालेल्या गाडीचा जुना वायसर चेंबरला चिकटून बसतो आणि त्यावर दुसरा चढतो, हेही नेहमीचं. दर वेळी नवा वायसर लावा. आवळायचं माप साधारण ३५ ते ४० न्यूटन मीटर. तुमच्या मॉडेलचा अचूक आकडा मॅन्युअलमधून घ्या. टॉर्क रेंच नसेल तर आखूड रिंग पाना वापरा, त्याला पाइप लावू नका.

फिल्टरच्या बाबतीतही असंच. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला, तर सेल्फ मारल्या मारल्या ऑइलची धार लागते. जुना फिल्टर काढला की त्याची रिंग त्याच्यासोबत आली का, हे आधी बघा.

प्रश्न : गिअरबॉक्सचं ऑइल काढून टाकलं, पण भरायचा बोल्ट काही केल्या निघत नाही. कडा गोल झाल्यात. गाडी गॅरेजपर्यंत चालवत नेऊ का? (वाचक, अकोला)

चालवू नका. ऑइलशिवाय गिअर आणि बेअरिंगं थोड्याच अंतरात खराब होतात. गाडी टो करून न्या, किंवा मेकॅनिकला घरी बोलवा.

गिअरबॉक्सच्या कामात आधी भरायचं बूच सैल करायचं. ते निघालं तरच खालच्या बुचाला हात लावायचा. वरचं निघालं नाही तर जुनं ऑइल आतच राहतं आणि गाडी नेहमीसारखी चालते.

कडा गोल झालेल्या बोल्टसाठी आतून उलटे आटे असलेली एक्स्ट्रॅक्टर गोटी मिळते, ती ठोकून बसवा. नाहीतर बोल्टवर नट वेल्ड करून फिरवतात. वेल्डिंगच्या उष्णतेनेही बोल्ट सुटायला मदत होते. वेल्डिंगआधी बॅटरीच्या दोन्ही वायर काढा. गाडी समतल उभी करून भरायच्या भोकाच्या काठाशी येईपर्यंत ऑइल भरायचं. मॅन्युअलमध्ये जीएल-४ (गिअर ऑइलचा प्रकार) लिहिलं असेल तर जीएल-५ चढवू नका, त्यातली काही रसायनं गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत.

प्रश्न : पुढचे डिस्क पॅड बदलले आणि ब्रेक ब्लीडही केले. तरी पेडल मऊ लागतं. मुलाने पेडल मारलं, मी निपल (हवा काढायचा स्क्रू) उघडलं. कुठे चुकलं? (वाचक, ठाणे)

पॅड बदलायला ऑइलची लाइन उघडावीच लागत नाही, त्यामुळे ब्लीड करायची, म्हणजे लाइनमधली हवा काढायची, गरज नव्हती. पिस्टन आत ढकलला की नवे पॅड डिस्कला टेकेपर्यंत पेडल रिकामं जातं. गाडी जागची हलवण्याआधी आठ-दहा वेळा हळूहळू दाबलं की ते वर येतं. एवढंच करायचं होतं. असो, आता लाइन उघडलीच आहे, तर कारण शोधू.

इंजिन बंद ठेवून पेडल भराभर चार-पाच वेळा मारा. दर वेळी ते वर चढत असेल तर आत हवा आहे, किंवा मागचे ब्रेक शू ड्रमपासून लांब आहेत. आता पेडल एकसारखा दाब देऊन धरून ठेवा. ते हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडरची सील गेली. इंजिन चालू करताना दाबलेलं पेडल थोडं खाली जातं, तो दोष नाही, ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर काम करतोय.

सील घरच्या ब्लीडिंगमध्ये कशी जाते ते सांगतो. रोजच्या वापरात मास्टर सिलिंडरचा पिस्टन मोजकंच अंतर सरकतो. त्यापुढच्या भागात वर्षानुवर्षांचा गंज आणि गाळ साठलेला असतो. मदतनीस पेडल थेट फ्लोअरपर्यंत दाबतो, सील त्या खरखरीत भागावरून जाते आणि फाटते. म्हणून पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा.

क्रम असा : पेडल हळू दाबून धरायचं, मग निपल पाव फेरा उघडायचं, फेस आला की बंद करायचं, आणि त्यानंतरच पेडल सोडायचं. पेडल आधी सुटलं तर निपलमधूनच हवा आत ओढली जाते. पारदर्शक नळीचं टोक बाटलीतल्या ब्रेक ऑइलमध्ये बुडालेलं असावं. वरची टाकी मिनिमम रेषेखाली जाऊ देऊ नका. एबीएस असलेल्या गाडीत टाकी कोरडी पडून एबीएसच्या ब्लॉकमध्ये हवा शिरली, तर काही मॉडेलमध्ये स्कॅनर लावून पंप चालवल्याशिवाय ती निघत नाही. मग गॅरेज गाठावंच लागतं. कॅलिपर पूर्ण काढले होते का, तेही आठवा. डावा-उजवा अदलाबदल झाला तर निपल खालच्या बाजूला येतं आणि वर अडकलेली हवा कितीही ब्लीड केलं तरी निघत नाही.

ब्रेक ऑइलचा डबा डॉट-३ प्रकारचा घ्यायचा की डॉट-४, ते टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. मागच्या पावसाळ्यात उघडलेला अर्धा डबा वापरू नका, ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. बॉनेटवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्याने धुवा, ते रंग खातं.

पेडल घट्ट झाल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढायची नाही, अगदी सोसायटीच्या उतारावरही नाही.

प्रश्न : मागचा ड्रम निघत नाही. हातोडीने मारून एका बाजूची कड उडाली. (वाचक, अलिबाग)

ड्रम बिडाचा असतो. कडेवर मारलं की तुकडा उडतो. कड उडालेला ड्रम आता बदलाच. दुसऱ्या बाजूला मात्र पुढीलप्रमाणे करा.

पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा, गाडी घोडीवर घ्या, आणि हँडब्रेक सोडा. हँडब्रेक ओढलेला ठेवून ड्रमशी झटापट करणारे पुष्कळ असतात. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत ड्रम मधल्या हबच्या गोलाला गंजून चिकटतो. तिथे रस्ट स्प्रे मारून तासभर थांबा. ड्रमच्या तोंडावर बहुधा दोन आट्यांची भोकं दिसतात. त्यांत ८ मिमीचे, १.२५ पिचचे दोन बोल्ट हाताने घाला आणि आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा. एकाच बाजूने ताणलं तर ड्रम तिरका अडकतो. ठोकायचंच असेल तर चाकाच्या दोन बोल्टमधल्या सपाट जागेवर ठोका.

ड्रम थोडा हलून पुन्हा अडत असेल तर कारण वेगळं. झिजलेल्या ड्रमच्या आतल्या कडेला ओठ तयार होतो आणि शू त्यात अडकतात. तेव्हा ओढाओढ केली की शूच्या पिना तुटतात. मागच्या प्लेटमधल्या भोकातून स्क्रूड्रायव्हरने अॅडजस्टर सैल करा. काही गाड्यांत ड्रम आणि बेअरिंगचा हब एकच असतो. तिथे मधला मोठा नट काढावा लागतो, आणि ठोकून लॉक केलेला नट पुन्हा वापरत नाहीत, नवा आणून ठेवा.

आतली धूळ फुंकू नका, ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. स्प्रिंगा काढण्याआधी फोटो घ्या, आणि दुसऱ्या चाकाच्या स्प्रिंगा तोवर सोडवू नका. फोटोत न दिसणारं तिथे बघता येतं.

प्रश्न : कूलंट बदलल्यावर तापमानाचा काटा वर चढतो. मॅन्युअलमध्ये ४ लिटर लिहिलंय, मावलं अडीचच. (वाचक, नाशिक)

उरलेल्या दीड लिटरच्या जागी एकतर इंजिनमध्ये राहिलेलं जुनं कूलंट आहे किंवा हवा. काटा चढतोय त्या अर्थी हवा. हीटर लावून बघा : काटा वर आणि हीटरची हवा गार, तर नक्कीच. ताबडतोब इंजिन बंद करा आणि पूर्ण गार होईपर्यंत झाकणाला हात लावू नका.

गार झाल्यावर गाडीचा पुढचा भाग उंच करा, हीटरचा नॉब पूर्ण गरमवर ठेवा आणि रेडिएटर काठोकाठ भरा. झाकण उघडं ठेवून इंजिन आयडलवर चालू करा. हातमोजा घालून वरचा होज अधूनमधून दाबा, बुडबुडे येतील, पातळी उतरेल, तशी भर घाला. थर्मोस्टॅट उघडला की होज एकदम तापतो. पंखा दोनदा लागून बंद झाला की झाकण लावा. रेडिएटरला झाकण नसलेल्या गाड्यांत बहुधा हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, तो मॅन्युअलमध्ये शोधा.

तासाभरानेही बुडबुडे थांबत नसतील तर हेड गास्केट तपासून घ्या. कॉन्सन्ट्रेट असेल तर निम्मं डिस्टिल्ड वॉटर. बोअरचं पाणी नको, क्षार बसतात. रंग सारखा म्हणून दोन कंपन्यांची कूलंटं मिसळू नका, कुठल्या कूलंटचा रंग कोणता, याचा कसलाही ठरलेला नियम नाही.

प्रश्न : सगळे नट काढले, तरी अलॉय व्हील हबवरून सुटत नाही. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. (वाचक, शिकागो)

गाडी जॅकवर असताना चाकाला लाथा मारू नका, गाडी घसरते. नट परत लावून दोन-दोन फेरे सैल ठेवा, गाडी खाली उतरवा आणि मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने एक-दोन फूट पुढे-मागे करा. कट्‌ असा आवाज आला की थांबा. चाक निघाल्यावर हबचा मधला गोल वायर ब्रशने घासा, अँटी-सीझचा (गंजून चिकटू न देणारं वंगण) पातळ हात फिरवा. बोल्टच्या आट्यांना आणि नट टेकतात त्या जागेला मात्र तो लावू नका, आवळण्याचं माप चुकतं. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासा.