वाचकांचे प्रश्न : मोकळ्या जागेतल्या खेळासाठी खेळणी निवडताना

लहान मुलांनी घराबाहेर खेळावे आणि स्वतःच्या कल्पनेने खेळावे यासाठी कोणती खेळणी घ्यावीत, याविषयी बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील चार प्रश्न येथे घेतले आहेत. पहिल्या उत्तराला मुद्दाम जास्त जागा दिली आहे, कारण पुढच्या तिन्ही उत्तरांचा आधार त्यात आहे.

प्रश्न : आमचा मुलगा सव्वाचार वर्षांचा आहे. घरासमोर थोडी मोकळी जागा आहे. तेथे त्याने रमावे म्हणून आम्ही बॅटरीवर चालणारी बसायची मोटार, प्लास्टिकचे तयार घर आणि दिवे लागणारी, भोंगा वाजवणारी अग्निशमन गाडी घेतली. प्रत्येक खेळणे चार-आठ दिवस चालते आणि मग तो दारात येऊन “आता काय करू?” असे विचारतो. त्याचा वाढदिवस जवळ आला आहे. तो स्वतःच्या डोक्याने खेळेल असे काय घ्यावे?

उत्तर : तुमचा मुलगा कंटाळखोर आहे असे मला वाटत नाही. त्याने त्या खेळण्यांमधले जे काही होते ते चार-आठ दिवसांत संपवले आहे, एवढाच याचा अर्थ. अग्निशमन गाडीचे बटण दाबले की भोंगा वाजतो आणि दिवा फिरतो. आग कुठे लागली, गाडी कोणी बोलावली, पाणी कुठून आणायचे हे ठरवायला मुलाला वावच राहत नाही, कारण गाडीचे नाव, आवाज आणि काम कारखान्यातच ठरून आलेले असते. याउलट मागे उघडा हौद असलेली, कोणतेही चित्र नसलेली साधी गाडी सकाळी वाळू वाहते, दुपारी आजारी बाहुलीला दवाखान्यात नेते आणि संध्याकाळी उलटी करून ठेवली की बोगदा होते. म्हणून खेळणे हातात घेतल्यावर स्वतःला दोनच प्रश्न विचारावेत : हे किती वेगवेगळ्या गोष्टी होऊ शकेल, आणि यातले काम खेळणे करणार आहे की मूल?

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगोत्स्की यांनी मुलांच्या लुटुपुटूच्या खेळाचा विचार करताना काठीच्या घोड्याचे उदाहरण दिले होते. काठी घोड्यासारखी मुळीच दिसत नाही, पण ती दोन पायांमध्ये धरून दौडता येते आणि तेवढ्यावर ती घोडा होते. पोस्टकार्डाचा मात्र घोडा होत नाही, कारण त्यावर स्वार होण्याची क्रिया करता येत नाही. खेळणी निवडताना हे उदाहरण मला फार उपयोगी वाटते. वस्तू कशासारखी दिसते याला लहान मुलाच्या लेखी फारसे महत्त्व नसते. तिच्यात बसता येते का, ती ओढता, उचलता, ओतता, उघडता येते का, तिच्याखाली लपता येते का, हे त्याला महत्त्वाचे असते.

एका बालवाडीच्या अंगणात मी पाहिलेला प्रसंग सांगते. पाच वर्षांची एक मुलगी, दोन जुने टायर आणि हातभर लांबीचा रबरी नळीचा एक तुकडा. प्रथम टायर मोटार झाला आणि नळीने त्यात पेट्रोल भरले गेले. मग मोटार आजारी पडली. नळीचे एक टोक कानाला आणि दुसरे टायरला लावून तिने बराच वेळ गंभीरपणे ऐकले आणि शेजारच्या मुलाला सांगितले, “हिला ताप आहे, आज शाळेत नको पाठवू.” थोड्या वेळाने तीच नळी साप झाली. तो चावू नये म्हणून त्याला गोड बोलून बादलीत शिरायला लावायचे होते. हे सगळे अर्धा-पाऊण तास चालले. दहा पावलांवर रंगीत घसरगुंडी रिकामी उभी होती.

ब्रिटिश शिल्पकार सायमन निकोल्सन यांनी १९७१ साली हाच विचार ‘सुटे भाग’ या नावाने मांडला. एखाद्या जागेत हलवता, जोडता, बदलता येतील अशा वस्तू जितक्या जास्त, तितका तेथे कल्पकतेला वाव जास्त, असे त्यांचे म्हणणे होते. त्याआधी १९४३ साली कोपनहेगनजवळच्या एमड्रुप येथे सी. टी. सोरेन्सन या उद्यानरचनाकाराच्या कल्पनेतून एक वेगळेच क्रीडांगण उभे राहिले होते, आणि त्यात मुलांना फळ्या, विटा आणि हत्यारे देऊन स्वतःच्या हातांनी बांधू दिले जात असे. तुमच्या घरासमोरच्या लहान जागेत एवढे करण्याची गरज नाही, पण दिशा तीच असावी.

आता वाढदिवसाचे. मी तुमच्या जागी असते तर एका चाकाची, मुलाच्या उंचीची पण खरीखुरी ढकलगाडी घेतली असती आणि तिच्यासोबत धातूच्या पात्याचे, लाकडी दांड्याचे लहान फावडे. पातळ प्लास्टिकचे फावडे ओल्या मातीत वाकते आणि आपल्याला जमत नाही असे मुलाला वाटू लागते. खरे तर जमत नसते ते फावड्याला. ढकलगाडीचा आग्रह धरण्याचे कारण असे की वाहून नेण्याच्या कामात गोष्ट आपोआप शिरते : माल कोणाचा, कुठे पोचवायचा, वाटेत चाक रुतले तर काय करायचे. यांच्या जोडीला शक्य असल्यास वाळूचा किंवा मातीचा एक ढीग, पाण्याचा झारा, नरसाळे, गाळणी आणि मजबूत कडीची बादली द्यावी. बाकीचे घरातच सापडेल. एक जुनी चादर, कपडे वाळत घालायचे मोठे चिमटे आणि माणूस मावेल एवढे पुठ्ठ्याचे खोके यांना मी विकतच्या कोणत्याही खेळघराच्या वर ठेवते. अमेरिकेत रोचेस्टर येथे खेळाला वाहिलेले एक संग्रहालय आहे. तेथे उत्तमोत्तम खेळण्यांना मानाचे स्थान देण्याची प्रथा आहे. त्या यादीत २००५ साली पुठ्ठ्याचे खोके, २००८ साली काठी, २०११ साली पांघरूण आणि २०२१ साली वाळू यांचा समावेश झाला, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

घरात आधीच असलेली खेळणी टाकून देऊ नका. अग्निशमन गाडीतली बॅटरी काढून ठेवा आणि भोंगा त्याला तोंडाने वाजवू द्या. प्लास्टिकच्या घराला चादर जोडली की मागे गोठा किंवा गुहा तयार होते. मात्र एका वेळी सगळे बाहेर मांडू नका. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी देऊन पाहिली. चारच खेळणी असताना मुले एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त प्रकारे खेळली. तुमचा मुलगा त्यांच्याहून मोठा असला, तरी निम्मी खेळणी कपाटात ठेवून पंधरवड्याने बदलण्याचा उपाय त्यालाही लागू पडेल. आणि तरीही तो दारात येऊन “आता काय करू?” म्हणाला, तर लगेच काही सुचवू नका. थोडा वेळ जाऊ द्या. पुष्कळदा खेळ त्या रिकाम्या वेळातच सुरू होतो.

प्रश्न : माझी नात अडीच वर्षांची आहे. अंगणात सोडली की ती खेळण्यांकडे पाहतही नाही. काटक्या, दगड, चिखल आणि साचलेले पाणी यांतच ती तासन्‌तास रमते. मला यात गैर वाटत नाही, पण मुलाला आणि सुनेला हे अस्वच्छ आणि धोक्याचे वाटते. त्यांना काय सांगू?

उत्तर : आजी, आपल्या नातीची निवड उत्तम आहे, आणि मुलाची-सुनेची काळजीही रास्त आहे. त्यांना बंदी घालू नका असे सांगावे, पण पुढील काही बाबतींत त्यांचेच ऐकावे.

तीन वर्षांखालील मुले वस्तू तोंडात घालून पाहतात. या वयाच्या खेळण्यांची तपासणी करताना ३१.७ मिलिमीटर व्यासाचे एक लहान नळकांडे वापरतात, आणि त्यात पूर्ण मावणारी वस्तू श्वास अडकण्याच्या दृष्टीने धोक्याची मानली जाते. घरी टॉयलेट पेपर संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी वापरावी. ती याहून थोडी रुंद असते, त्यामुळे परीक्षा अधिकच कडक होते. जो दगड, बी किंवा झाकण तिच्यातून आरपार जाते ते नातीच्या हाती नको, मुठीत न मावणारे दगड चालतील. बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या आणि सुटी लोहचुंबके असलेली खेळणी तर अंगणात आणि घरात कुठेच तिच्या हाती लागू नयेत, कारण ती गिळली गेल्यास अन्ननलिकेला किंवा आतड्यांना गंभीर इजा होऊ शकते.

दुसरी गोष्ट पाण्याची, आणि येथे मी जराही ढिलाई सुचवणार नाही. या वयात डोके शरीराच्या मानाने जड असते आणि बादलीत वाकलेले मूल तोल जाऊन पडले तर त्याला स्वतःला वर काढता येत नाही. काही सेंटिमीटर पाणीही जिवावर बेतू शकते. पाण्याशी खेळताना मोठे माणूस हाताच्या अंतरावर असावे आणि खेळ संपताच बादली, टब रिकामे करून उपडे ठेवावेत. लांब दोरी या वयात नको, आणि दोरीचा फास गळ्यात कधीच नको.

चिखलाची भीती मात्र थोडी कमी करता येईल. खाण्यापूर्वी साबणाने हात धुण्याची सवय लावावी, वाळूचा ढीग रात्री झाकून ठेवावा म्हणजे मांजरे तेथे घाण करणार नाहीत, आणि कण्हेर, धोतरा यांसारखी विषारी झाडे अंगणात नाहीत ना हे एकदा पाहून घ्यावे. उन्हात तापलेल्या धातूच्या आणि प्लास्टिकच्या वस्तूंना आधी आपला हात लावून पाहावा. काटकीसाठी दोन नियम पुरेत : ती तिच्या हाताहून लांब नसावी आणि ती घेऊन पळायचे नाही. “पडशील, सांभाळ!” असे सारखे ओरडण्यापेक्षा “आता पाय कुठे ठेवशील?” असे विचारले तर मूल खाली पाहते आणि स्वतः विचार करते. सुनेला हे शब्दांत सांगण्यापेक्षा एखाद्या दुपारी तिला आपल्या शेजारी बसवून नातीचा खेळ पाहू द्यावा, असे मला वाटते.

प्रश्न : माझी पाच वर्षांची मुलगी मला तिच्या खेळात ओढते. मी गेलो की नकळत मीच सूचना देऊ लागतो आणि थोड्या वेळात तिचा उत्साह मावळतो. मी खेळावे की नाही?

उत्तर : जरूर खेळावे, पण तिने दिलेली भूमिका घ्यावी आणि गोष्ट तिच्या हाती राहू द्यावी. ती म्हणाली की तुम्ही गिऱ्हाईक आहात, तर गिऱ्हाईक म्हणूनच बोला. “हे पान नाही, ही नोट समज” असे शिकवण्याऐवजी “माझ्याकडे सुटे नाहीत, काय करू या?” असे विचारलेत तर पुढचे ती ठरवेल. रंग, आकडे, अक्षरे यांची उजळणी येथे नको, कारण गिऱ्हाईक दुकानदाराची परीक्षा घेत नसते. खेळ चांगला रंगला की काहीतरी निमित्त सांगून हळूच बाजूला व्हा आणि दिसेल अशा जागी बसून राहा. पुष्कळ मुलांना तुमच्या खेळण्यापेक्षा तुमचे असणे हवे असते.

प्रश्न : आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. साडेतीन वर्षांच्या मुलाला संध्याकाळी तासभर बागेत नेते. तेथे पाळणे आणि घसरगुंडी आहे, पण नंबर लागेपर्यंत भांडणेच जास्त होतात. सोबत काय न्यावे?

उत्तर : एका पिशवीत मावेल आणि एका हाताने उचलता येईल एवढेच न्यावे. एक जुनी ओढणी किंवा पातळ चादर, चार चिमटे, दोन लहान फावडी, वेगवेगळ्या मापांचे झाकणांचे दोन-तीन डबे, जाड रंगीत खडू आणि तीन-चार लाकडी माणसे किंवा प्राणी. फावडी दोन सांगितली, कारण पहिल्या पाच मिनिटांत दुसरे मूल येऊन उभे राहील आणि ते तसे यावे हीच आपली इच्छा आहे. लाकडी माणसांच्या चेहऱ्यांवर ठळक हसू किंवा राग रंगवलेला नसावा, म्हणजे तेच बाहुले आज रडू शकते आणि उद्या ओरडू शकते. पाने, काटक्या, शेंगा ही बाकीची सामग्री बागेतच मिळते. झाडाच्या बुंध्याशी एक कोपरा ठरवून रोज तेथेच पिशवी उघडावी. पाळण्यांकडे तो त्यानंतर आपणहून जाईल किंवा जाणार नाही, दोन्ही चालेल.

पाळण्यावर बसण्यापेक्षा या खेळात हालचाल कमी होईल अशी शंका असेल तर ती सोडून द्यावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली तीन आणि चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसभरात किमान १८० मिनिटे हालचाल आणि त्यांपैकी किमान ६० मिनिटे मध्यम ते जोमदार हालचाल सुचवली आहे. डबा घेऊन ‘विहिरीवर’ वीस खेपा घालणारे, ‘वाघ आला’ म्हणून पळणारे मूल पाळण्यासमोर रांगेत उभ्या असलेल्या मुलापेक्षा कितीतरी जास्त हालते. शिवाय दिवसाच्या उजेडात घराबाहेर घालवलेला वेळ मुलांना लांबचे अंधुक दिसून चष्मा लागण्याची शक्यता कमी करतो, म्हणून जमल्यास अंधार पडण्याच्या बराच आधी खाली उतरावे.

निघताना रडारड होत असेल तर मांडलेला खेळ मोडून आवरायला लावू नका. डबे आणि माणसे तेवढी पिशवीत परत घ्या. काटक्यांचे कुंपण आणि पानांचे छप्पर बुंध्याशी तसेच राहू द्या. रात्री वाऱ्याने ते पडले तर दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचे काम त्याची वाट पाहत असेल, आणि जिना उतरतानाच तो तुम्हाला ते सांगू लागेल.