पऱ्हे नंतर टाका, आधी अर्ज टाका

पवनी तालुक्यातल्या एका वाचकाचं पत्र आलंय. गोसीखुर्द धरणाच्या बुडितात त्यांची साडेचार एकर धानाची जमीन गेली. २००१ साली जो मोबदला मिळाला तो वडिलांनी मुकाट्याने घेतला, कागदावर हरकत नोंदवली नाही. बांधाला बांध लागून असलेला शेजारी मात्र कोर्टात गेला आणि यंदा १८ मार्चला त्याला वाढीव मोबदला मंजूर झाला. पत्राचा शेवट असा: ‘वडिलांनी विनातक्रार सही केली होती, मग आता आम्हाला काही मिळेल का? पऱ्हे (धानाची रोपं) टाकून झाले की नागपूरला येऊन भेटतो.’

भाऊ, पऱ्ह्यांचं राहू द्या. वाढीव मोबदला मागायची तुमची मुदत १८ जूनला संपते आणि मी हे ४ जूनला लिहितोय.

अशी पत्रं मला भंडाऱ्यातून, कुहीतून, भिवापुरातून येतच असतात आणि बहुतेकांना सहीचीच धास्ती असते. ती सोडा. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात कलम २८-अ आहे. ज्याने स्वतः कलम १८ खाली कोर्टात दाद मागितली नाही, त्यालाही जमीन घेण्याच्या त्याच सरकारी अधिसूचनेतल्या दुसऱ्या शेतकऱ्याच्या निकालावर बोट ठेवून वाढीव मोबदला मागता येतो. मोबदला हरकत न घेता उचलला असला तरी हा हक्क जात नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी २००२ मध्ये हंसोली देवी प्रकरणात हे स्पष्ट केलंय. वडिलांच्या सहीने नुकसान झालं ते कलम १८ पुरतं, इथे ती आडवी येत नाही.

आडवी येते ती तारीख. निकालाचा दिवस सोडून तीन महिन्यांच्या आत अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, म्हणजे व्यवहारात भूसंपादन अधिकाऱ्याकडे, पडला पाहिजे. उशीर माफ करण्याचा अधिकार त्यांना नाही, त्यामुळे आजारपण, पेरणी, पोरीचं लग्न यातलं काहीही सांगून उपयोग नाही. शेजाऱ्याचा निकाल द्यायला कोर्टाला वीस वर्षं लागली, त्याबद्दल कुणी कुणाला जाब विचारला नाही. तुम्हाला मात्र तीन महिने, आणि त्यातले अडीच तुम्ही घरी बसून घालवले! निकालाची झेरॉक्स एप्रिलमध्येच हातात आली होती असं तुम्हीच लिहिता. ती कपाटात कशासाठी ठेवली?

निकालाची नक्कल मिळायला लागलेला वेळ या मुदतीतून वगळतात, हे खरं. पण नकलेचा अर्ज तुम्ही केलेलाच नाही, शेजाऱ्याने केला. त्याच्या नकलेत गेलेले दिवस तुमच्या खात्यात धरले जातील या भरवशावर मी तरी राहणार नाही. उद्याच स्वतःच्या नावाने नकलेचा अर्ज करा, त्याची पावती जपा, आणि नकलेची वाट न पाहता झेरॉक्स जोडून मूळ अर्ज दाखल करा.

त्याआधी अर्धा तास एका कामाला द्या. घरातला वडिलांच्या नावचा निवाडा, म्हणजे मोबदला ठरवल्याचा आदेश, काढा आणि त्यातल्या कलम ४ च्या अधिसूचनेचा क्रमांक व तारीख शेजाऱ्याच्या निकालाशी ताडून बघा. बांध एक असला म्हणजे अधिसूचना एकच, असं नसतं. बुडितातली शेतं, कालव्यात गेलेली जमीन आणि गावठाणातली घरं अनेकदा वेगवेगळ्या अधिसूचनांत गेलेली असतात. क्रमांक जुळला नाही तर हा अर्ज टिकणार नाही. उलट, गाव वेगळं असूनही अधिसूचना एकच निघाली तर चालतं.

त्याच अधिसूचनेतला आणखी एखादा निकाल पुढे लागला तर त्याच्यापासून नवे तीन महिने मोजता येतात, हेही सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलंय. पण तुमच्या गावचं हे शेवटचंच प्रकरण होतं असं तुम्ही लिहिता, म्हणजे ती वाट जवळपास बंदच समजा. आणि ‘शेजारी हायकोर्टात जाणार आहे, तिथला आकडा येऊ द्या’ हा मेहुण्यांचा सल्ला ऐकू नका. हायकोर्टाच्या निकालावरूनही २८-अ चा अर्ज करता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये म्हटलंय, पण तो निकाल कधी आणि काय लागेल याचा भरवसा नाही.

किती रक्कम मिळेल हे कागद पाहिल्याशिवाय सांगणार नाही. सरकारने शेजाऱ्याच्या निकालावर अपील केलं तर तुमचा अर्ज काही वर्षं पडूनही राहू शकतो. २०१३ च्या नव्या भूसंपादन कायद्याचं कलम २४ (जुनं संपादन रद्दबातल ठरवण्याचं) लावून जमीन परत मिळेल का, हे विचारलंत. वडिलांनी पैसे घेतलेत, जमिनीवर पाणी उभं आहे. २०२० च्या इंदूर विकास प्राधिकरण निकालानंतर त्यात काही उरलेलं नाही. नाग नदीतून येणाऱ्या नागपूरच्या सांडपाण्याने जलाशयाला वास येतो, ही तक्रार रास्त आहे, पण तो विषय हरित लवादाचा. या अर्जात तो घुसडू नका.

अर्जावर सगळ्या वारसांची नावं टाका, लग्न होऊन गेलेल्या बहिणींचीही. दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या आणि त्यावरची तारीख नीट उमटली की नाही, ते तिथे टेबलापाशी उभं राहूनच बघा. शाई फिकी असेल तर पुन्हा मारायला लावा.