स्पाइसमध्ये, म्हणजे सर्किट कॉम्प्युटरवर चालवून बघायच्या प्रोग्राममध्ये, तुझा ऑसिलेटर (स्वतःहून लहरी सिग्नल तयार करणारं सर्किट) सुरू होत नाही म्हणतेस ना?

अगं, आधी १ मेगओहमचा रेझिस्टर बघ. तू नुसतं '१एम' लिहिलंयस. स्पाइसला लहान-मोठं एम सारखंच, दोन्ही मिली, म्हणजे हजारावा भाग! मेगासाठी 'एमईजी' पूर्ण लिहायचं. यात भलेभले अडकतात.

ग्राउंड जोडलंयस, छान.

तरीही सपाट रेष आली तर घाबरू नकोस. खऱ्या बोर्डावर नॉइज, म्हणजे बारीक विद्युत खळबळ, असतो, त्यानेच ऑसिलेटर उठतो. पडद्यावर तो नसतो. सप्लाय शून्यापासून चढव, नाहीतर कपॅसिटरला सुरुवातीचं व्होल्टेज दे. टाइमस्टेपही, म्हणजे प्रोग्राम ज्या क्षणांना हिशोब करतो त्यांच्यातलं अंतरही, लहान ठेव.

आणि इंदूरला जेल रोडवरून आणलेला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आदर्श नसतो, त्याला आतला रोध असतो. मी तो मॉडेलमध्ये धरला नव्हता. सप्लाय पडद्यावर गुळगुळीत, टेबलावर स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) लावला तर रिपल, म्हणजे व्होल्टेजचा चढउतार, दातेरी. तू हा आतला रोध 'सिरीज रेझिस्टन्स' म्हणून भरूनच रन कर.