गोरिला, शिरस्त्राण आणि साबणाचे फुगे

स्वस्तातल्या जुन्या विज्ञानपटांच्या वाटेला नव्याने जात असाल, तर सुरुवात १९५३ सालच्या ‘रोबॉट मॉन्स्टर’पासून करावी, असे मी सुचवेन. पृथ्वीवरील जवळजवळ सारी माणसे संपवून बसलेला त्यातील परग्रहवासी म्हणजे गोरिलाच्या केसाळ पोशाखावर पाणबुड्याच्या धर्तीचे शिरस्त्राण चढवलेला एक नट आहे. यंत्रमानवाचा पोशाख बनवण्याइतके पैसे नव्हते आणि जॉर्ज बॅरोज या नटाकडे गोरिलाचा पोशाख स्वतःचाच होता. तेव्हा दिग्दर्शक फिल टकर यांनी तोच कामाला लावला. त्या परग्रहवासीयाच्या गुहेत साबणाचे फुगे का उडतात, याचा कथेत उलगडा होत नाही, मात्र फुगे काढणाऱ्या यंत्राला श्रेयनामावलीत मानाचे स्थान आहे. (श्रेयनामावली मी कधीही चुकवत नाही.)

केवळ टिंगल करण्यासाठी पाहाल, तर वीस मिनिटांत कंटाळाल. पैशांची अडचण कोठे आली आणि ती कशी निभावून नेली, याकडे लक्ष द्या. दिग्दर्शक एड वुड यांच्या ‘प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस’मध्ये नट बेला लुगोसी थोडाच वेळ दिसतात, कारण १९५६ साली त्यांचे निधन झाले, उरलेल्या दृश्यांत त्यांच्याहून उंच असा दुसराच माणूस झग्याने तोंड झाकून वावरतो. ती लबाडी लहान मूलही ओळखेल, तरीही हाती घेतलेले काम तडीस नेण्याची वुड यांची जिद्द पाहून मला दरवेळी हसता हसता भरून येते. त्यानंतर स्वस्तातल्या चित्रपटांचे निर्माते-दिग्दर्शक रॉजर कॉर्मन यांच्याकडे वळा. मात्र एका रात्रीत दोनांहून अधिक चित्रपट पाहू नका.