तार गेली, तक्रारी राहिल्या: वायरलेस की-बोर्ड आणि माउसची प्रश्नोत्तरे

जून-जुलै आला, शाळा-कॉलेजं उघडली, सेवा केंद्रांवर गर्दी झाली, की वायरलेस सेटबद्दलचे प्रश्न एकदम वाढतात. दरवर्षी प्रश्न तेच असतात. ‘घेऊ का?’ असं विचारणारे थोडे, ‘घेतलाय, आता काय करू?’ असं विचारणारे ढीगभर. म्हणून यावेळी एकत्रच उत्तरं देतो. नावं काढली आहेत, गावं ठेवली आहेत.

घरच्या डेस्कटॉपला वायरचा सेट घ्यावा की वायरलेस? (जालना)

टेबल जागचं हलत नसेल तर वायरचा. कॉम्प्युटर टीव्हीला जोडून पलंगावरून चालवायचा असेल तर वायरलेस.

मी हिशेबाची कामं करतो. नवी हार्ड डिस्क जोडल्यापासून वायरलेस माउस अडखळायलाय, मधूनच कर्सर उड्या मारायलाय. दुकानदार म्हणतो, माउस गेला, नवीन घ्या. घेऊ का? (नांदेड)

अजिबात घेऊ नका. आधी डोंगल, म्हणजे माउससोबत येणारा, यूएसबी पोर्टमध्ये लावायचा इवलासा रिसीव्हर, कुठे लावलंय ते बघा. बहुतेक ते हार्ड डिस्कच्या शेजारच्या निळ्या पोर्टमध्ये असेल. यूएसबी 3.0 चं पोर्ट, त्याची केबल आणि डिस्क वेगाने डेटा नेत असताना 2.4 गिगाहर्ट्‌झच्या आसपास रेडिओ गोंगाट करतात, आणि तुमचा माउस नेमका त्याच पट्ट्यात बोलतो. ही काही माझी कल्पना नाही, इंटेलने 2012 सालीच यावर सविस्तर लिहून ठेवलंय. तरी अजून दुकानांतून ‘माउस गेला’ हेच ऐकायला मिळतं, कारण माउस विकता येतो, सल्ला विकता येत नाही.

डोंगल त्या डिस्कपासून लांब न्या. काळ्या यूएसबी 2.0 पोर्टमध्ये लावा, नाहीतर हातभर लांबीची एक्स्टेन्शन केबल घेऊन ते टेबलावर आणा. टेबलाखालच्या पत्र्याच्या कॅबिनेटच्या पाठीमागे डोंगल खुपसून वर ‘रेंज नाही’ म्हणायचं, हेही रोजचंच. वायफायचा राउटर अगदी जवळ असेल तर तोही थोडा सरकवा. टेबलाला काच असेल तर माउसखाली साधा पॅड टाका.

एवढं करूनही फरक पडला नाही, तर माउस दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहा. तिथे नीट चालला तर दोष माउसचा नाही. मग कॉम्प्युटर, डिस्क आणि माउस, सगळं घेऊन तंत्रज्ञाकडे जा. नुसता माउस खिशात घालून आणलात तर कोणीही काही सांगू शकणार नाही.

सुनेला दिवस गेलेत. ती घरून कॉम्प्युटरवर काम करते. वायरलेस माउसच्या लहरींचा बाळाला त्रास होतो, असा मेसेज व्हॉट्सॲपवर आलाय. (परभणी)

तो मेसेज ज्या मोबाइलवर आला, तो मोबाइल माउसपेक्षा कितीतरी जास्त ताकदीने लहरी सोडतो. माउसचं सगळं काम मिलिवॉटमध्ये चालतं. काळजी करायचीच असेल तर ती तासन्‌तास एका जागी बसण्याची करा. बाकी शंका त्यांच्या डॉक्टरांना विचारा, गटावर नको.

सेटचं डोंगल हरवलं. त्याच कंपनीचं दुसरं मिळेल का? (धाराशिव)

सेट कोणता आहे त्यावर अवलंबून आहे. लॉजिटेकच्या ज्या सेटवर केशरी चांदणीसारखी ‘युनिफाइंग’ची खूण असते, त्याला त्याच जातीचं नवं डोंगल सॉफ्टवेअरने जोडता येतं, आणि एका डोंगलवर सहा उपकरणं चालतात. त्याच कंपनीचं 2021 मध्ये आलेलं ‘बोल्ट’ डोंगल मात्र युनिफाइंगच्या सेटला चालत नाही, घाईत तेच घेऊन बसू नका. बाकी बहुतेक स्वस्त सेटमध्ये की-बोर्ड आणि डोंगल यांची जोडी कारखान्यातच बांधलेली असते. डोंगल गेलं की सेट गेला. ‘कोणत्याही सेटला चालणारं डोंगल’ विकणाऱ्याला आधी तुमच्या सेटवर चालवून दाखवायला सांगा. घेण्याआधी सेटच्या मागचा मॉडेल क्रमांक कंपनीच्या सेवा केंद्राला कळवून विचारणं चांगलं.

जाता जाता: घरात एक जुना वायरचा की-बोर्ड जपून ठेवा. विंडोज सुरूच होईना अशी वेळ आली, तर ब्लूटूथचा की-बोर्ड तिथे बहुतेक वेळा मुका असतो.

माझं सेवा केंद्र आहे, चार मशीन आहेत. उंदरांनी वायरी कुरतडल्या म्हणून चारही ठिकाणी स्वस्तातले वायरलेस सेट लावले. एक पोरगा म्हणाला, यातून पासवर्ड चोरता येतात. दुसरा म्हणतो, हे सगळं उपग्रहातून होतं. खरं काय? (अंबाजोगाई)

उपग्रहाचं सोडून द्या. पोराचं मात्र ऐका, कारण तुमच्या केंद्रात तुमचे नाही, गावाचे आधार क्रमांक आणि बँक खाती टाइप होतात.

तुम्ही कळ दाबली की ती कोणती कळ होती हे की-बोर्ड रेडिओने डोंगलला सांगतो. चांगल्या सेटमध्ये हा निरोप कूटबद्ध होऊन, म्हणजे मधल्याला वाचता येणार नाही अशा सांकेतिक रूपात जातो. स्वस्त सेटमध्ये तो उघडा जाऊ शकतो. 2015 च्या जानेवारीत सॅमी कामकर या अमेरिकन संशोधकाने मोबाइलच्या चार्जरसारखा दिसणारा एक डबा बनवून दाखवला. भिंतीवरच्या सॉकेटमध्ये बसून तो मायक्रोसॉफ्टच्या काही वायरलेस की-बोर्डवरचं टायपिंग टिपून ठेवायचा. 2016 मध्ये बॅस्टिल नावाच्या कंपनीच्या संशोधकांनी आठ कंपन्यांचे स्वस्त की-बोर्ड तपासून दाखवले की त्यांवरचं टायपिंग साधारण 75 मीटरवरून जसंच्या तसं वाचता येतं. त्या की-बोर्डना अपडेट देऊन दुरुस्त करायचीही सोय नव्हती, फेकून देणं हाच इलाज. त्याच वर्षी त्याच संशोधकांनी दुसरी गोष्ट दाखवली, आणि ती मला जास्त सतावते: काही डोंगल माउसच्या नावाने आलेले खोटे कळदाबही मुकाट्याने स्वीकारतात. म्हणजे बाहेर थांबलेला माणूस तुमच्या मशीनवर टाइप करू शकतो. म्हणून ‘की-बोर्ड वायरचा ठेवला, माउस वायरलेस राहू दे’ ही तडजोडही तुमच्या केंद्रात मला पटत नाही.

आता नेहमीचे युक्तिवाद. ‘आमच्याकडे अँटिव्हायरस आहे.’ तो मशीनच्या आत बघतो, हवेत बघत नाही. ‘साइटला कुलपाचं चिन्ह आहे.’ ते कुलूप ब्राउझरपासून पुढच्या प्रवासाचं, की-बोर्ड ते डोंगल हा टप्पा त्याच्या आधीच होऊन गेलेला असतो. वाड्याच्या तिजोरीला तीन कुलपं आणि किल्ली कुठे ठेवली ते ओट्यावर बसून मोठ्याने सांगायचं, तसा हा प्रकार आहे. ‘पासवर्ड तर ठिपक्यांत दिसतो.’ तो पडद्यावर. ‘बोटाचा ठसा चोरीला जाईल का?’ नाही, आधारसाठी नोंदणीकृतच यंत्र लागतं आणि ठसा कूटबद्ध होऊनच पुढे जातो. पण आधार क्रमांक, खाते क्रमांक, तुमच्या पोर्टलचा लॉगिन आणि ओटीपी हे सगळं बोटांनी कळांवर जातं.

घाबरवायचा हेतू नाही. अशा चोरीचं प्रकरण आपल्या भागात माझ्यासमोर आलेलं नाही. इथली बहुतेक फसवणूक अजूनही फोनवर गोड बोलून ओटीपी मागण्यातूनच होते. पण स्वस्तात टाळता येणारा धोका उगाच कशाला पोसायचा? चारही मशीनना वायरचे सेट लावा. उंदरांसाठी वायरी प्लॅस्टिकच्या केसिंग पट्टीतून न्या, त्याला इलेक्ट्रिशियनचं तासाभराचं काम आहे. वायरलेसच हवा असेल तर खोक्यावर एईएस 128 बिट कूटबद्धता (AES 128-bit encryption) स्पष्ट छापलेली पाहा. छापलेली नसेल तर ती नाही असंच धरा. ब्लूटूथ त्यातल्या त्यात बरं, पण 2023 च्या अखेरीस त्यातही खोटे कळदाब घुसवण्याची एक फट सापडली होती. म्हणून मशीनचे अपडेट ‘नंतर बघू’ म्हणून ढकलू नका.

सेट बदलल्यावर पोर्टलचे पासवर्ड बदला, आणि ते वायरच्या की-बोर्डवरूनच. काही संशयास्पद दिसलं असेल तर तुमच्या जिल्हा समन्वयकाला लेखी कळवा. कोणाचे पैसे गेले असतील तर 1930 वर लगेच फोन करा, उद्यावर टाकू नका.

ऑनलाइन ‘2,999 चा सेट 649 ला, तीस मीटर रेंज’ अशी जाहिरात आहे. घेऊ का? (लातूर, वसतिगृहातला विद्यार्थी)

2,999 ला तो कधी कोणी घेतला असेल का? छापील किंमत फुगवायची आणि सूट दाखवायची, ही जुनी चाल. तीस मीटरही मोकळ्या मैदानातले. आणि तुझ्या खोलीत की-बोर्ड पडद्यापासून दोन फुटांवर असतो.

त्यापेक्षा मागच्या लेबलवर बीआयएसची (भारतीय मानक ब्यूरोची) खूण आणि ‘आर’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोध. केंद्र सरकारच्या 2012 च्या सक्तीच्या नोंदणी आदेशात वायरलेस की-बोर्ड पहिल्याच यादीत होते. तो क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. खूण नसेल तर सोड. पक्कं बिल घे. सेट ब्लूटूथचा असेल तर आपल्या डेस्कटॉपमध्ये ब्लूटूथ आहे का ते आधी बघ. दरवर्षी चार पोरं हे विसरतात.

की-बोर्ड उन्हाळाभर कपाटात होता. आता उघडला तर सेलजवळ पांढरी भुकटी आली आहे. (बीड)

सेल पाझरला. सेल काढायला हवे होते ते कपाटात ठेवताना. अल्कलाइन सेलमधलं रसायन त्वचेला आणि डोळ्यांना भाजतं, म्हणून हातमोजे घालून सेल काढा. कापसाच्या बोळ्याला जरासं व्हिनेगर लावून जागा पुसा, नंतर पूर्ण कोरडी होऊ द्या. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्याने धुवा आणि थेट डॉक्टरकडे जा. आतली पट्टी हिरवी पडून झिजली असेल तर तंत्रज्ञाला दाखवा. आणखी दोन महिने थांबलात तर दाखवायला काही उरणार नाही.

पुढच्या वेळी जुना आणि नवा पेन्सिल सेल एकत्र घालू नका, आणि मे महिन्यात सेट बंद गाडीत ठेवू नका. चार्जिंगचे सेल वापरत असाल तर ते 1.5 ऐवजी 1.2 व्होल्टचे असतात, त्यामुळे लाल दिवा लवकर लुकलुकू शकतो. तो बिघाड नाही.

मुलगी मराठी 30 आणि इंग्रजी 40 च्या टायपिंग परीक्षेची तयारी करायलीय. सरावाला वायरलेस की-बोर्ड चालेल का? (छत्रपती संभाजीनगर)

वायरचाच, पूर्ण आकाराचा. स्वस्त वायरलेस की-बोर्ड सेल वाचवायला मधूनच झोपतात, आणि उतारा वाचायला थांबून पुन्हा सुरुवात केली की पहिली कळ गिळतात. परीक्षेत एकेक चूक मोजली जाते. केंद्रावर कोणत्या प्रकारचे की-बोर्ड असतात आणि कळांची मांडणी कोणती, हे तिच्या संस्थेतल्या निदेशकांना विचारून मगच खरेदी करा.

वायरलेस माउस वापरून मनगट दुखायलंय. (उदगीर)

माउसला तार असण्या-नसण्याशी मनगटाचा संबंध नाही. माउस फार लहान असेल तर हाताला बसेल असा घ्या. बोटांना मुंग्या येत असतील तर हाडांच्या डॉक्टरांकडे जा, पट्टा बांधून दिवस काढू नका.

शाळेच्या संगणक कक्षासाठी वीस वायरलेस सेट घ्यायचा प्रस्ताव आहे. एका खोलीत एवढे चालतील का? (हिंगोली, शिक्षक)

चालतात. प्रत्येक जोडीची ओळख वेगळी असते. पण वीस सारख्याच दिसणाऱ्या डोंगलांतून कोणतं कोणाचं हे दुसऱ्या आठवड्यात कोणालाच कळणार नाही, आणि एवढीशी वस्तू पोरांच्या दप्तरात कधी जाईल तेही कळणार नाही. वर पेन्सिल सेलचा खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकणार, हे मुख्याध्यापकांना आधीच विचारून घ्या. प्रस्ताव बदलून वायरचे सेट मागवा. समितीला वायरलेसच हवे असतील, तर मंजुरीआधी एखाद्या तंत्रज्ञाचा लेखी अभिप्राय जोडा, आणि सेट आल्या दिवशी की-बोर्ड, माउस आणि डोंगल या तिन्हींवर नेलपॉलिशने एकच क्रमांक घाला.